मायच्या बोटाची खूण

मायची दुपार लागली की दार उघडायचं नाही, खिडकीच्या फटीला डोळा लावायचा नाही, आणि माग कोण चालवतं हे कधीही विचारायचं नाही.

पाचपावलीच्या मागच्या आमच्या गल्लीत पोरांना अ आ ई यायच्या आधी हे येतं. मला ते जरा जास्तच वेळा सांगितलं गेलं. माझी मोठीआई, म्हणजे मोठी काकू कुसुमताई, म्हणायची, "या पोरीले देवानं जिभेवर 'काहून' ठेवूनच पाठवली." काहून विचारलं की पाठीत धपाटा बसायचा, आणि धपाट्याचं काहून विचारलं की दुसरा.

गल्ली विणकरांची. आता विणकर नावालाच उरलेत. कोणी ऑटो चालवतं, कोणी मिहानच्या कंपन्यांत कामाला जातं. खड्डामाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, उरलाय तो एकच, आमच्या घराच्या मागच्या खोलीत, आणि तोही फक्त मायसाठी. अंगणाच्या कडेला मायचं ठाणं आहे. चैत्र पुनवेला तिला नवं लुगडं नेसवतात. महिनाभर गल्लीतले म्हातारे पाळीपाळीनं ते विणतात आणि शेवटचा वीतभर पदर तसाच सोडतात, नुसते उभे धागे. पुनवेच्याच दिवशी ऊन डोक्यावर आलं की सगळी गल्ली दारं लावून घेते. कूलरसुद्धा बंद. त्या सुन्न उन्हात मागच्या खोलीतून आवाज येतो. खट... खट... आणि मग जरा थांबून पुन्हा. ठाण्याची सावली पायरीवर उतरली की दारं उघडतात आणि पदर विणून झालेला असतो. माय स्वतः येते आणि विणून जाते.

त्या वीतभर पदराच्या डाव्या काठाला एक बारीक लाट असते, धागा जरा सैल पडल्यासारखी. तिला म्हणतात मायच्या बोटाची खूण. पुढच्या वर्षी लुगडं उतरलं की त्या काठाच्या चिंध्या करून वाटतात. बाळांच्या मनगटाला बांधतात, ऑटोच्या आरशाला बांधतात. दहावीच्या परीक्षेला माझ्या कंपासपेटीतही एक होती.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं यमुआत्यानं. ती बाबांची आणि त्यांच्या मोठ्या भावाची, मोठेबाबांची, बहीण, लग्न न झालेली. तिच्या डाव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाला वरचं पेर नव्हतं. लहानपणी कडबा कापताना गेलं होतं. माझी वेणी घालताना ते आखूड बोट मानेला लागायचं, आणि गर्दीतही मला डोळे मिटून ते ओळखता आलं असतं.

दरवर्षी मायच्या दुपारी आत्या घरात नसायची. उमरेडला गेली, असं सांगायचे. उमरेडला आमचं कोणीच नाही. संध्याकाळी ती परत आलेली असायची. डोळे लाल, पोटऱ्यांना मुंग्या आलेल्या, आणि पायांना आंबलेल्या खळीचा वास. सुताला लावतात ती खळ. उमरेडच्या बसमध्ये पायाला खळ कशी लागते, हे मी एकदा विचारलं. मोठेबाबांनी, म्हणजे गणपतरावांनी, त्या रात्री मला जेवायला बसू दिलं नाही. आत्यानं गुपचूप भाकर आणून दिली आणि म्हणाली, "खा. अन् इचारू नको."

तीच बाई गेल्या पावसाळ्यात, दिसणं जवळजवळ बंद झाल्यावर, बिछान्यावरून आपणहून बोलली. मायच्या दुपारी तिच्या आधी मागावर तिची आत्या बसायची. ती गेली तेव्हा यमु कोवळी पोरगी होती. तिलाच बसवलं. बाहेरून कडी घालायचे. खिडकीला गोणपाट ठोकलेलं. दिवा नाही, कारण उजेड दिसला तर माय खोटी पडेल.

"बोटानं चाचपून विनत जाओ मी," ती म्हणाली. "डाव्या काठाले बोट पुरेच ना. धागा ढिल्ला राहे. पयल्या वर्षी वाटलं, आता मारते मले दादा. तं लोकायनं त्याच्याच पाया पडनं सुरू केलं."

मी लग्नाचं विचारलं. ती हसली. "मायचे हात कोणाले देतेत का वं?"

नंतर तिनं विचारलं, मी मासिकात लिहिते ते खरंच छापून येतं का. मी हो म्हटलं.

"माझं नाव छापून येईन?"

"येईल."

मी लिहिलं. लिहून झालं तेव्हा तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "माझं नाव हाय तेवढं अजून एकडाव वाच." मी वाचलं. दिवाळी अंक हातात यायच्या आधी ती गेली.

पुढचं काय झालं ते गल्लीत कोणालाही विचारा, जो तो वेगळं सांगेल. मायला खोटी म्हटलं, असं ठाण्याच्या समितीचे अध्यक्ष चंद्रभानभाऊ म्हणाले. त्यांनी कथा वाचली नव्हती. मोबाईलवर फिरत होता तेवढा एक परिच्छेद वाचला होता, तोही अर्धा. चौकात अंक जाळले. संपादकांनी दिलगिरी छापली, माझ्या कथेपेक्षा मोठ्या अक्षरात. मी शिकवत होते त्या क्लासनं सांगितलं की काही दिवस येऊ नका. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. आमच्या दारावर कोणी डांबर फासलं. आणि मोठेबाबांच्या सोनिकाची, माझ्या चुलतबहिणीची, ठरलेली सोयरीक मोडली. मुलाकडचे म्हणाले, मायचा कोप झालेल्या घरची मुलगी नको.

घरातलं कोणी माझ्यावर ओरडलं नाही. तेच जड गेलं. ताट वाढलेलं असायचं, पण वाढणारं कोणी समोर नसायचं.

यंदा पुनवेच्या सकाळी मी दही आणायला निघाले होते, एवढंच. मायच्या दुपारी चूल पेटवत नाहीत म्हणून दही-पोहे करतात. कोपऱ्यावरच्या गोविंदाच्या डेअरीत मडकं काठोकाठ भरलेलं दिसत होतं. तो त्या मडक्यासमोरच उभा राहून मला म्हणाला, "दही संपलं, ताई." मी मडक्याकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काय करू ताई, मले इथंच धंदा करायचा हाय." त्याच्या मनगटालाही चिंधी होती.

रिकामं पातेलं घेऊन परतले तर ओसरीवर मोठेबाबा बसलेले होते. बाजूला चंद्रभानभाऊ, आणि दारात मोठीआई. कधी नव्हे ते मला बस म्हणाले.

बोलणं मोठेबाबांनीच केलं. सगळं मिटवायचं ठरलंय म्हणाले. संध्याकाळी लुगडं नेसवताना मी सगळ्यांसमोर मायच्या पायावर हात ठेवून म्हणायचं की मी लिहिलं ते खोटं, पदर माय विणते, यमुनं कधी विणला नाही. सोनिकाच्या सासरचे येणार होते. ऐकलं की सोयरीक परत जुळणार होती.

"आणि आज पदर कोण विणणार?" मी विचारलं.

चंद्रभानभाऊ उठून चप्पल शोधू लागले. मग मोठीआई जमिनीकडे बघत म्हणाली, "तुले येते न विनता. यमीनं शिकवलं तुले लहानपणी."

मी हसले, हे मला आठवतं. ज्या खोट्याची माफी मागायची, तेच त्यांना माझ्या हातून करून हवं होतं. आज दुपारी विणायचं आणि संध्याकाळी शपथेवर सांगायचं की कोणी विणलं नाही. आणि हे आजपुरतं नव्हतं. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही. यमुनंतर मी, हे त्यांनी आपसात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मी उठून आत गेले. सोनिका माठाशी उभी होती. ती माझ्यापेक्षा लहान, पण त्या दिवशी थकलेली दिसत होती. मला म्हणाली, "तू खरं लिवलं, मले माहीत हाय. पण आत्या तं गेली न, नंदिनी. तिले आता कोणतं नाव पायजे? मले जगायचं हाय अजून."

मी हातातलं रिकामं पातेलं माठाजवळ ठेवलं.

ऊन डोक्यावर यायला लागलं तसा मी बेत केला. खोलीत जायचं, कडी घालू द्यायची आणि नुसतं बसून राहायचं. हात लावायचा नाही. संध्याकाळी दार उघडेल तेव्हा वीतभर उघडे धागे तसेच लोंबत असतील, सगळ्या गल्लीला दिसतील. मग मला तोंड उघडायचीही गरज नाही. मोठेबाबांना मी सांगितलं, बसते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मागून कडी लागली.

एप्रिलच्या उन्हातून त्या खोलीत गेलं की आधी काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि कळतं की दिसण्यासारखं काही नाहीच. गोणपाटाच्या विणीतून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके, तेवढेच. खळीचा आंबूस वास, जुन्या लाकडाचा वास, आणि खालून, मागाच्या खड्ड्यातून, ओल्या मातीचा थंडावा. मी मागापासून लांब, भिंतीला टेकून बसले. पाय पोटाशी घेतले. लहानपणी या खड्ड्यात पाय सोडून आत्याच्या मांडीवर बसायचे. आज त्याच्याजवळ जावंसं वाटेना.

बाहेर एकेक दार लागत गेलं. एकेक कूलर बंद पडला. कुठंतरी कोणाच्या तान्ह्याला आईनं पदराखाली घेतलं असावं, कारण त्याचं रडणं मधेच दबलं. मग काही नाही. सगळी गल्ली श्वास धरून ऐकत होती, आणि मी त्यांना ऐकायला काही देणार नव्हते. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. पहिल्यांदाच या गल्लीला मायच्या दुपारी शांतता ऐकू येणार होती.

ती किती वेळ टिकली, सांगता येत नाही. घाम मानेवरून उतरत होता तो एकाएकी गार झाला. खळीचा वास वाढला, कोणी नुकतीच ताजी खळ कालवावी तसा. खड्ड्यात काहीतरी हललं. पायाखालच्या लाकडी पट्ट्या दबल्यावर करतात तसा एक लांबट कुरकुर आवाज झाला.

आणि अंधारात, माझ्यापासून हातभरावर, आडव्या धाग्याचा धोटा सरकला.

खट.

मी तोंडावर हात दाबला.

खट.

मग थांबलं. ते थांबणं मला ओळखीचं होतं. लहानपणापासून दरवर्षी दाराआडून ऐकलेलं. दोन ठोके आणि मग थोडी उसंत. का ते मला आत्यानं सांगितलं तेव्हा कळलं होतं. दोन धागे बसवले की ती थांबून डावा काठ बोटानं चाचपायची. बरोबर आलाय की नाही ते बघायला. आणि बोट पुरायचं नाही.

खट... खट... आणि पुन्हा ती उसंत. त्या उसंतीत कापडावरून बोट फिरल्याची बारीक खरखर.

मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त जड होतं. डोळे गेलेली, पाठ मोडलेली, आम्ही खांद्यावरून घाटावर पोचवून आलेली ती बाई परत येऊन बसली होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की आता उठायला हरकत नाही.

"आत्या..." मी म्हटलं. "राहू दे ना... नको विणू."

खट. खट.

"तुझं नाव छापून आलं, आत्या... यमुना... पूर्ण नाव... सगळ्यांनी वाचलं..."

ठोका थांबला. ती उसंत नेहमीपेक्षा लांबली. मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले आणि हात लांब केला, तिथं जिथं काठ असायला हवा. बोटांना कापड लागलं. ओलसर, ताणलेलं. आणि मग माझ्या हातावर एक हात आला.

गार होता. खळीनं चिकट. त्यानं माझी बोटं धरली आणि काठावर नेऊन ठेवली, जसं लहानपणी शिकवताना ठेवायची तसं. चार बोटं लांब, पहिलं आखूड. त्या आखूड बोटानं माझं पहिलं बोट चाचपलं. मुळापासून टोकापर्यंत, सावकाश, जसं काही मोजून बघत होतं की हे पुरेल का.

मी हात ओढून घेतला आणि भिंतीपर्यंत मागे गेले. ती विणत राहिली.

कडी निघाली तेव्हा उजेड डोळ्यांत घुसला. मोठेबाबा दारात होते. ते माझ्यावरून पाय टाकून सरळ मागाकडे गेले. पदर भरलेला होता, शेवटच्या धाग्यापर्यंत. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "शहानी पोरगी." त्यांनीच लुगडं कापून मागावरून उतरवलं. लाकडावर एक धागाही उरला नाही. ते मी नीट पाहिलं, म्हणून सांगते.

अंगण भरलं होतं. सोनिकाच्या सासरचे खुर्च्यांवर पुढे बसले होते. सोनिकाला साडी नेसवून मोठीआईच्या बाजूला उभं केलं होतं. चंद्रभानभाऊंनी लुगडं दोन्ही हातांवर घेऊन उंच केलं, पदर उलगडला आणि डावा काठ लोकांकडे केला.

लाट होती. दरवर्षी असते तशीच, तितकीच.

"मायच्या बोटाची खूण," ते म्हणाले, आणि सगळं अंगण वाकलं.

मोठेबाबा वाकले नाहीत. ते त्या काठाकडे बघत होते. मग त्यांनी सावकाश मान वळवून माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. तिथं पाचही बोटं धड होती. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. सत्तरीचा माणूस, पण त्या वेळी तो घाबरलेला भाऊ दिसला, बहिणीला आत घालून कडी लावणारा.

तरी चंद्रभानभाऊंनी मला पुढे बोलावलं. मायच्या पायावर हात ठेव म्हणाले. मी ठेवला. दगड उन्हानं अजून तापलेला होता.

"आता सांग, बाई. पदर कोणं विनला?"

मी सोनिकाकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. एका वाक्यानं तिचं घर बसणार होतं. माझा क्लास, गोविंदाचं दही, दारावरचं डांबर, सगळं एका वाक्यानं मिटणार होतं. आणि त्याच वाक्यानं ती बाई पुन्हा उमरेडला गेलेली ठरणार होती, कायमची.

"मी नाही म्हणणार," मी म्हटलं.

"काय नाही म्हननार?"

"खोटं. मी खोलीत गेल्यापासून एक धागाही विणलेला नाही. हा पदर यमुआत्यानं विणलाय. आजचाही. मोठेबाबांना विचारा, ही खूण ते ओळखतात. चाळीस वर्षं दर पुनवेला तिला अंधारात कोंडलं, लग्न होऊ दिलं नाही. ती मेली तरी तुम्ही तिला उठू देत नाही. निदान तिचं नाव तरी घ्या. नाव घेतल्याशिवाय ती सुटायची नाही."

चंद्रभानभाऊंनी हात वर केला होता, मला गप्प करायला असावा. तो तसाच राहिला. त्यांनी मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी खाली बसकण मारली आणि तोंडावर टॉवेल धरला. मोठीआईच्या हातातलं आरतीचं ताट कलतं झालं, कुंकू सांडलं, तिनं ते सावरलं नाही. खुर्च्यांवरचे लोक एकमेकांकडे बघत होते. मागच्या कोण्या म्हातारीनं मनगटावरची चिंधी मुठीत झाकली. मला वाटलं, आता ओरडतील, दगड येईल. काही आलं नाही. जन्मभर मला गप्प बस म्हणणारी ही सगळी माणसं गप्प होती.

मी वाट पाहत होते. एक नाव घ्यायचं होतं फक्त. यमुना. कोणीतरी घेईल म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते.

आणि त्या शांततेत, मागच्या खोलीतून, जिथं मागावर आता एक धागाही नव्हता, आवाज आला.

खट.

खट.

मग तो थांबला. नाव अजून कोणी घेतलं नव्हतं. माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला टोकाशी अजून खळ चिकटलेली होती, वाळत नव्हती. ते सगळं अंगण, मी, सोनिका, श्वास धरून ऐकत होतो, तो आवाज पुन्हा सुरू होतो का.